छातीइतकी दांडी

तिरस्कार कोणालाही जमतो; त्याला राग पुरतो. तुच्छता ही त्याहून फार दुर्मीळ आणि फार कष्टसाध्य वृत्ती आहे. रागावलेला मनुष्य थकतो, निवतो, एखाद्या दिवशी विसरूनही जातो. ज्याच्या ठायी अस्सल तुच्छता वसते त्याला यातले काही होत नाही, कारण तो रागावलेलाच नसतो. त्याने एकदा जग मापून पाहिलेले असते, ते कमी भरलेले असते, आणि त्या निर्णयाचा फेरविचार करावा असे त्याला काही कारण दिसत नसते. अशा वृत्तीपुढे क्षणभर नम्र व्हावेसे वाटते. तिच्यात लोभ नसतो, आर्जव नसते, कोणाला खूश करण्याची धडपड नसते. तिच्यात वैगुण्य एकच असते, आणि ते ध्यानात यायला कधीकधी सबंध आयुष्य खर्ची पडते: हातातले माप स्वतःला लावून पाहण्याचे तिला सुचत नाही.

तोलसाहेब या वृत्तीचे निष्ठावंत उपासक होते. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी एकतीस वर्षे नोकरी केली. आतून मखमल लावलेली एक लाकडी पेटी, तिच्यात चढत्या क्रमाने बसवलेली पितळी प्रमाण-वजने आणि बाहीला कधी सुरकुती न पडलेला सदरा, एवढ्या सामग्रीनिशी ते बाजारपेठेच्या तोंडाशी दिसले की शेवटच्या दुकानापर्यंतची निम्मी पारडी आपोआप सरळ होत. पारड्याच्या पोटाला चिकटवलेला मेणाचा गोळा, आतून पोखरून वरून बुजवलेले वजन, गिऱ्हाईक पिशवी उघडत असताना तराजूच्या दोरीला हळूच लागलेले बोट. मनुष्याच्या लबाडीला इतकी थोडी कल्पकता असावी याचेच त्यांना वैषम्य वाटे. “नवी चोरीसुद्धा सुचत नाही यांना,” असे ते घरी येऊन म्हणत आणि सदरा खुंटीला लावत. कोणत्याही दुकानात त्यांनी पेलाभर पाणी कधी घेतले नाही. त्यामुळे त्यांच्या सचोटीची कीर्ती दूरवर पसरलेली होती, आणि त्यांना जेवायला बोलावणारे घर गावात एकही नव्हते.

निवृत्तीच्या दिवशी पेटी कार्यालयात जमा झाली. नजर जमा करून घेण्याची तरतूद नियमांत नसल्यामुळे ती घरी आली. मग तिच्या कक्षेत जे जे सापडले ते तोलले गेले. जावई: “वरून भरीव. ठोकला की कळतं.” डॉक्टर: “विद्या निम्मी आणि सही दुप्पट.” शेजारी एक निवृत्त कंपाउंडर राहत असे, चाळीस वर्षे दुसऱ्याने लिहिलेली औषधे बाटलीत भरल्यामुळे आपणही वैद्यकी शिकलो असा त्याचा समज होता. त्याच्याविषयी तोलसाहेब काहीच बोलत नसत. त्यांच्या लेखी ही सर्वांत खालची पायरी होती.

गल्लीभर ज्यांना वहिनी म्हणत त्या त्यांच्या पत्नी. वहिनींना मात्र त्यांनी कधी तोलले नव्हते. तेथे आपलेच पारडे वर जाईल अशी शंका त्यांना असावी.

वहिनींनी परसात कोंबड्या पाळल्या होत्या. विटांचे, पत्र्याच्या छपराचे, माणूस ताठ उभा राहू शकेल एवढे खुराडे होते. आत तूस पसरलेले, भिंतीत तारेची खिडकी. सत्तावीस वर्षांत तोलसाहेबांनी त्याचा उंबरठा ओलांडला नव्हता. कोंबडीविषयी त्यांचे मत विस्तृत होते. पक्ष्याने उडावे, ती उडत नाही. जनावराने धन्याला ओळखावे, ती ओळखत नाही. मूर्खाने निदान गप्प बसावे, तेही तिला साधत नाही. सकाळचे उकडलेले अंडे ते खात असत, पण एखाद्या लबाड दुकानदाराने पुढे केलेली भेटवस्तू पंचनाम्यापुरती हातात धरावी तशा मुद्रेने.

हा संसार त्याच खुराड्याच्या उंबरठ्यावर थबकला. वहिनींचा पाय ओल्या तुसावरून सरकला, त्या कुशीवर पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि लेक त्यांना आपल्या शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी घेऊन गेली. डॉक्टरांनी बजावले होते की चालता येईल, काठी घेऊन का होईना हिंडता येईल, पण वाकायचे नाही. जमिनीवरची वस्तू उचलायची नाही. आयुष्यात पुन्हा कधीही नाही.

मागे उरली एक खुडूक कोंबडी आणि तिची महिन्याभराची अकरा पिल्ले. पुढे दोन आठवड्यांनी भर दुपारी कुंपणातून आलेल्या मुंगसाने ती कोंबडी नेली. पिल्ले वाचली, पण आता त्यांना आई नव्हती. “एकाच मुंगसाला एवढी अक्कल आणि अकरा जणींत मिळून तेवढी नाही,” असे तोलसाहेब कुंपणाचे भोक बुजवताना स्वतःशी म्हणाले.

त्याच आठवड्यात हवा गार झाली. एका सकाळी त्यांनी दार उघडले तेव्हा दहा पिल्ले बाहेर आली. अकरावे कोपऱ्यात चपटे होऊन पडले होते. आदल्या रात्री साऱ्याजणी उबेसाठी एकाच कोपऱ्यात घुसल्या होत्या, एकीवर एक चढल्या होत्या, आणि सर्वांत खालच्या जिवाला श्वास उरला नव्हता.

वहिनींचा फोन रोज संध्याकाळी येई. त्या दिवशी त्यांना ही बातमी मिळाली.

“अहो, त्यांना दांडीवर झोपायची सवय लावा,” त्या म्हणाल्या. “आई असती तर तिनं लावली असती. ती वर बसली की तिच्यामागं ही बसतात. आता तुम्हीच लावा.”

“मी? मी कोंबड्यांना झोपायला शिकवू?”

“आयुष्यभर सगळ्या बाजाराला शिकवत होतात ना? आता दहाजणी उरल्या आहेत.”

“बाजार निदान घाबरत होता.”

“ऐका तर,” आवाज खाली आला. लेक जवळच असावी. “ही म्हणतेय, आई, आता तुम्ही दोघांनी इथंच राहा. कोंबड्या वाटून टाका, घराला कुलूप लावा. मी म्हटलं, माझ्या तलंगा दांडीवर चढायला लागल्या की मी जाणार. चढणाऱ्या कोंबड्यांसाठी वाकावं लागत नाही. दार उघडायचं, दार लावायचं. पण रोज खाली वाकून एकेक उचलावी लागणार असेल तर मला ते जमायचं नाही. मग ही मला सोडणार नाही आणि तिचं चुकतंय असंही मला म्हणता येणार नाही. कळलं का?”

तोलसाहेबांना कळले. अंडे द्यायच्या वयाला अजून न आलेल्या कोंबडीला तलंग म्हणतात हेही त्यांना त्याच दिवशी कळले. त्या तिसऱ्या मजल्यावर ते एकदा चार दिवस राहून आले होते. तेथे जावई सकाळी रेडिओबरोबर गात असे. परंतु त्यांना आठवले ते दुसरेच. गेले तीन आठवडे या घरात कोणी त्यांना उलट बोलले नव्हते, आणि एकट्या माणसाची तुच्छता भिंतींना ऐकवून ऐकवून शिळी होत चालली होती.

दुसऱ्या सकाळी ते खुराड्यात शिरले. आत वहिनींनी बसवलेल्या दोन फांद्या होत्या, सालीसकट, वेड्यावाकड्या: एक गुडघ्याच्या खाली, दुसरी मांडीएवढी, तिरकी. त्यांनी गवंड्याची पाणसळ मागवली आणि फांदीवर ठेवली. पाण्यातला बुडबुडा एका टोकाला पळून गेला. “सत्तावीस वर्षं,” ते उद्गारले. दोन्ही फांद्या उपटून त्यांनी सरपणाच्या ढिगावर फेकल्या. मग लाकडाची सरळ पट्टी आणली, कडा रंध्याने मऊ केल्या, आणि ती भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवली, बुडबुडा नेमका मध्यावर येईल अशी. उंची त्यांनी स्वतःच्या छातीइतकी ठरवली. उचलताना दहा वेळा वाकल्यावर ठेवतानाही पुन्हा वाकण्याची त्यांची इच्छा नव्हती, आणि कोंबड्या आपण होऊन चढतील असा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. ज्यांना शेजारणीच्या अंगावरून उठायचे कळत नाही त्या वर काय चढणार?

त्या दिवसापासून तोलसाहेब रोज साडेसहाच्या ठोक्याला खुराड्यात जात. बाहेर अजून उजेड असे. ते खिडकीपाशी एका ठराविक जागी उभे राहत, पायाशी आलेली तलंग दोन्ही हातांनी उचलत आणि दांडीवर ठेवत. तलंग खाली उडी मारे. ते पुन्हा ठेवत.

“वर बस. वर बस म्हटलं ना. तुझ्या पूर्वजांना झाडं मिळाली होती, झाडं! तुम्हाला जमीन बरी वाटली.”

पहिल्या संध्याकाळी हा व्यवहार तासभर चालला. चौथ्या संध्याकाळी एकीनेही उडी मारली नाही. आठवड्याभरात असे झाले की साडेसहा वाजायच्या आत दहाही जणी त्या ठराविक जागी येऊन उभ्या राहत, माना वर करून, निमूटपणे. तोलसाहेबांना हे शिस्तीचे लक्षण वाटले. एकतीस वर्षांत बाजाराला जे कधी जमले नाही ते या दहा निर्बुद्धांना सात दिवसांत जमले होते.

आणि त्यांच्या तळहातांना एक जुने काम मिळाले होते. हातात आलेल्या वस्तूचे वजन त्यांना न मागता कळे. सहाव्या दिवशी त्यांना दहाही जणींची वजने पाठ होती. नवव्या दिवशी एकीची पचनशक्ती बिघडल्याचे त्यांनी डोळ्यांआधी हातांनी ओळखले आणि तिला वेगळी ठेवून ताकभात भरवला, अर्थातच शिव्यांसह. सर्वांत हलकी, मानेवर पिसे विरळ असलेली जी होती तिला ते ‘तूट’ म्हणत. सर्वांत जड, लालसर, टपोरी होती ती ‘भरती’. भरतीला दांडीवर ठेवताना त्यांचा हात किंचित रेंगाळे. निदान एक तरी पूर्ण वजनाची भरली होती.

कुंपणापलीकडून कंपाउंडर हे सर्व पाहत असे.

“काय साहेब, लेकरं झोपली का?”

तोलसाहेब खुराड्याची कडी लावत राहिले.

“नाही, मी म्हणतो, उद्या तुम्हाला ताप आला तर? कोण निजवणार यांना?”

“मला ताप येत नाही.”

“येतो हो सगळ्यांना. मी चाळीस वर्षं बघितलंय.”

“तुम्ही चाळीस वर्षं बाटल्यांना लेबलं लावलीत,” तोलसाहेब म्हणाले आणि आत निघून गेले. त्या शेजाऱ्याशी वर्षभरात ते प्रथमच बोलले होते. त्याचा प्रश्न बरोबर होता, म्हणूनच तो इतका अपमानकारक वाटला.

फोनवर वहिनी रोज विचारत, “चढल्या का?” आणि तोलसाहेब रोज उत्तर देत, “सगळ्या दांडीवर आहेत.” या वाक्यात असत्य काहीच नव्हते. फोन येई त्या वेळी त्या खरोखरच दांडीवर असत, बुडबुड्याइतक्या समतोल. वहिनींचा आवाज दिवसेंदिवस ताजा होत गेला. त्या खोलीत काठी घेऊन चालू लागल्या, मग जिना उतरू लागल्या. महिना संपता संपता लेकीचा विरोध मावळला. “येत्या रविवारी जावईबापू सोडायला येतायत,” त्या म्हणाल्या. “मी तिला सांगितलं, माझ्या तलंगा आपल्या आपण चढतात, आता मला अडवू नको.”

‘आपल्या आपण’ हे दोन शब्द तोलसाहेबांनी ऐकले. त्यांनी ते दुरुस्त केले नाहीत.

त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी एका जुन्या खटल्यात साक्ष देण्यासाठी त्यांना जिल्ह्याच्या न्यायालयात जावे लागले. दुकानदाराचा वकील तरुण होता आणि हुशारीची मुद्रा धारण करून होता.

“साहेब, तुम्ही पाहिलंत तेव्हा काटा मध्यावर होता की नव्हता?”

“होता.”

“म्हणजे पारडी समतोल होती.”

“दिसत होती. पारड्याखाली मेण होतं. मेणानं आणलेल्या समतोलाला समतोल म्हणत नाहीत.”

न्यायाधीशांनी हे वाक्य लिहून घेतले. परतीच्या बसमध्ये तोलसाहेबांनी ते स्वतःशी दोन वेळा म्हटले आणि त्यांना ते आवडले. वाटेत बसचे चाक पंक्चर झाले. चालकाला जॅक सापडेना, वाहकाला चालक सापडेना, आणि प्रवासी रस्त्याच्या कडेला उभे राहून एकमेकांना पंक्चर कसे काढावे ते सांगत राहिले. मनुष्यजातीच्या त्या नमुन्याकडे पाठ करून तोलसाहेब घड्याळाकडे पाहत होते. साडेसहा झाले. सात वाजले.

ते घरी पोचले तेव्हा नुकताच काळोख झाला होता. कपडे न बदलता ते परसात गेले आणि खुराड्यातला दिवा लावला. दांडी रिकामी होती. खाली, खिडकीपाशी, जेथे रोज त्यांचे जोडे उभे राहत नेमक्या त्याच जागी, दहाही तलंगांचा एक ढीग होता. त्या उबेसाठी कोपऱ्यात गेल्या नव्हत्या. त्या त्यांची वाट पाहत तेथे उभ्या राहिल्या होत्या, आणि काळोख पडल्यावर तेथेच एकमेकींवर कोसळल्या होत्या.

त्यांनी वाकून ढीग उपसला. तळाशी तूट होती, मान एका बाजूला पडलेली, चोच उघडी. तळहातावर तिचे वजन नेहमीचेच होते, पण हालचाल नव्हती. तोलसाहेबांनी सदऱ्याची वरची दोन बटणे काढली आणि तिला आत छातीशी धरले. बाकीच्या नऊजणी त्यांच्या पायांभोवती माना वर करून उभ्या राहिल्या. अजूनही वर ठेवले जाण्याची वाट पाहत होत्या.

काही वेळाने सदऱ्यात काहीतरी खरवडले. तूट शिंकली.

त्यांनी साऱ्यांना सवयीने दांडीवर ठेवले आणि घरात आले तो फोन वाजतच होता.

“चढल्या का?”

तोलसाहेबांनी नेहमीच्या वाक्यासाठी तोंड उघडले. ते वाक्य आजही खरे होते. परंतु ते आज जवळून पाहण्यात आले, आणि एकतीस वर्षांत हजारो पारडी उलटी करून पाहिलेल्या माणसाला त्याच्या पोटाला काय चिकटले आहे ते दिसले.

“अगं, खाली मेण आहे,” ते म्हणाले.

“काय आहे?”

“मी उचलून ठेवतो. रोज. दहाच्या दहा. आपल्या आपण एकही चढत नाही. आज मला उशीर झाला, तर माझ्या उभं राहण्याच्या जागीच त्यांचा ढीग झाला.”

पलीकडे काठी कशावर तरी टेकल्याचा आवाज आला.

“महिनाभर मला फसवलंत?”

“फसवलं नाही. त्या दांडीवरच होत्या. मी तेवढंच म्हटलं होतं.”

“अगदी दुकानदारासारखं बोलताय,” वहिनी म्हणाल्या.

तोलसाहेबांच्या उभ्या आयुष्यात त्यांना कोणी इतके नेमके तोलले नव्हते. ते उभे होते ते खुर्चीवर बसले. सदऱ्याच्या आत तुटीने टाकलेले एक पीस टोचत होते.

“दांडी किती उंच आहे?” वहिनींनी विचारले. आवाज कोरडा होता, पण आता तो कामाचा होता.

“माझ्या छातीइतकी.”

“छातीइतकी! आणि त्यांनी तिथं कसं पोचायचं? जिना बांधलाय? माझ्या त्या दोन फांद्या कुठं आहेत?”

“सरपणात.”

“जाळल्यात?”

“अजून नाही.”

“त्या पायऱ्या होत्या, अहो. जमिनीवरून पहिलीवर, पहिलीवरून दुसरीवर; आता दुसरीवरून तुमच्या दांडीवर जातील. वाकड्या होत्या कारण वाकड्या फांदीला पंजा धरता येतो. सत्तावीस वर्षांत एकदा आत डोकावला असतात तर दिसलं असतं. फांद्या परत लावा. कोपऱ्यात आणि तुमच्या त्या उभं राहण्याच्या जागी विटा रचा, म्हणजे ढीग होणार नाही. वरच्या बाजूला दिवा ठेवा, कोंबडीला अंधारात काही दिसत नाही. आणि मग बाहेर या. आत उभं राहू नका. तुमचा तो चेहरा समोर असला की कुणालाही आपण काही करू शकतो असं वाटत नाही.”

“रविवारचं काय?”

“पाच दिवस आहेत. शनिवारी तुम्हीच लेकीला सांगा. जेवढं भरेल तेवढं.”

मंगळवारी सकाळी तोलसाहेबांनी सरपणाच्या ढिगातून त्या दोन फांद्या शोधून काढल्या. पाणसळ घरातच राहिली. संध्याकाळी दिवा लावून, दार ओढून घेऊन ते परसातल्या पायरीवर खुराड्याकडे पाठ करून बसले. न बघण्याचे काम त्यांनी यापूर्वी कधी केले नव्हते. आतून आवाज येत होते: पंजे विटांवर खरवडण्याचे, आणि मग ओळखीचे, लांबट, केविलवाणे कूजन. त्या त्यांना बोलावत होत्या.

“बोंबला,” ते दाराकडे न वळता म्हणाले. “मी ऐकत नाही.”

कुंपणापलीकडून डोके वर आले. “साहेब, आज बाहेर? रुसलात काय?”

“शिकतोय,” तोलसाहेब म्हणाले. कंपाउंडरला हे उत्तर इतके अनपेक्षित होते की तो पुढचा टोमणा विसरला.

मंगळवारी कोणी चढले नाही. बुधवारी नाही. दोन्ही संध्याकाळी हात दाबून बसताना त्यांच्या तळहातांना दहा वजने आठवत राहिली. गुरुवारी कूजन लवकर थांबले. मग एकदाच पंखांची फडफड झाली, काहीतरी आपटले, पुन्हा फडफडले, आणि शांतता पसरली. तोलसाहेबांनी मनात शंभर मोजले आणि तारेच्या खिडकीतून डोकावले. गुडघ्याखालच्या वाकड्या फांदीवर, एकटी, विरळ मानेची तूट बसली होती आणि खाली नऊजणी तिच्याकडे पाहत होत्या. एखाद्या चमत्काराकडे पाहावे तसे नव्हे. कोणी आपल्या आधी रांगेत घुसले की पाहावे तसे.

“हं,” तोलसाहेब म्हणाले. “सगळ्यांत कमी वजनाची.”

शुक्रवारी सहाजणी चढल्या, त्यांपैकी तिघी थेट वरच्या दांडीपर्यंत. शनिवारी नऊ. भरती मात्र चढली नाही. जड, लालसर, टपोरी, पूर्ण वजनाची भरती विटांच्या बाजूला खालीच बसून राहिली. तिने वर पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

फोनवर लेक होती. “बाबा, आई म्हणाली तुम्हीच सांगणार. चढतात ना सगळ्या?”

“दहापैकी नऊ. एक खाली आहे.”

“आणि ती कधी चढेल?”

“बहुधा कधीच नाही. ती कोंबडी मठ्ठ आहे.”

“म्हणजे मग आईनं रोज तिच्यासाठी वाकायचं? बाबा, डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला माहीत आहे.”

“तिच्यासाठी मी वाकेन.”

“तुम्ही?” लेकीच्या आवाजात अविश्वास होता, तो तिने वडिलांकडूनच घेतलेला होता. “तुम्ही रोज कोंबडीसाठी वाकणार?”

“वाकून काही मरत नाही मी,” तोलसाहेब म्हणाले. “तिला पाठवून दे.”

रविवारी जावयाने गाडीतून काठी, उशी आणि वहिनी या क्रमाने उतरवले. वहिनी आधी घरात गेल्या नाहीत. परसात गेल्या आणि खिडकीतून आत पाहिले. वर सरळसोट, रंधा मारलेली दांडी. खाली दोन वेड्यावाकड्या फांद्या.

“या दोन तुमच्या पाणसळीत बसल्या नाहीत वाटतं.”

“त्या वाकड्याच आहेत.”

“मग?”

“असू देत,” तोलसाहेब म्हणाले, आणि जावयाने गाडी किती तिरकी लावली आहे ते पाहायला निघून गेले.

यानंतर त्यांचा स्वभाव निवळला असे कोणी समजू नये. वृत्ती इतक्या सहजी पालटत नाही, आणि पालटली असती तर ती कधी खरी नव्हती असेच म्हणावे लागले असते. जग पूर्वीइतकेच कमी भरत राहिले. जावई ठोकल्यावर पूर्वीसारखाच वाजत राहिला. फरक एवढाच पडला की रोज संध्याकाळी, नऊजणी वर बसल्यावर, तोलसाहेब खुराड्यात शिरत, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली वाकत आणि भरतीला उचलून दांडीवर ठेवत. “ये बाईसाहेब. सगळ्यांत भरीव आणि सगळ्यांत निरुपयोगी. तुझं आणि माझं आडनाव एकच असायला हवं होतं.” वहिनी काठी टेकून दारात उभ्या असत आणि हसू येऊ नये म्हणून दुसरीकडे पाहत. हे तीन वर्षे चालले. मग एका हिवाळ्यात भरती गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या तोलसाहेब गेले. भेटायला आलेल्या लोकांना त्यांच्याविषयी बोलण्यासारखे फार सापडले नाही. कंपाउंडर म्हणाला, “माणूस फार कडक होता, पण...” आणि ‘पण’नंतर काय ते त्याला सुचेना, तेव्हा तो तसाच बसून राहिला.

खुराड्यात आता तुटीच्या लेकी आणि नाती आहेत. वर छातीइतकी दांडी आहे, खाली दोन वाकड्या फांद्या आहेत. उजेड कमी होऊ लागला की थोरल्या आधी चढतात आणि धाकट्या त्यांच्यामागून. वहिनी दार लावतात. कोणाला उचलावे लागत नाही.